टाइनच्या मुखाशी

माझा एक जुना विद्यार्थी जहाजावर इंजिनिअर आहे. पुढच्या दर्जाच्या परीक्षेसाठी तो मागे काही महिने इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील साउथ शील्ड्स या गावी राहिला होता. आमच्याकडच्या किनाऱ्यावरील घरांत हे नाव काही अनोळखी नाही. ज्या आईचा मुलगा मर्चंट नेव्हीत आहे तिला लंडनचे फारसे काही सांगता येणार नाही, पण "पोरगा शील्ड्सला परीक्षेला गेलाय" हे ती अगदी सहज सांगते.

एका जुम्म्याच्या संध्याकाळी त्याचा व्हिडिओ कॉल आला. म्हणाला, "टीचर, इथल्या म्युझियममध्ये कबरीवरचा एक दगड आहे. वरच्या ओळी इंग्रजीसारख्या अक्षरांत आहेत, पण सगळ्यात खालची ओळ आपल्या अरबी-उर्दूसारखी उजवीकडून डावीकडे कोरलीय. तुम्हांला वाचता येते का बघा." मी चष्मा लावून पाहिले. ती अरबी नव्हती. मग मात्र मी त्या दगडाच्या मागे लागले, आणि दगडाच्या मागे लागता लागता त्या अख्ख्या किनाऱ्याच्या मागे लागले. हा लेख त्यातूनच निघाला.

आधी नकाशा पाहू. इंग्लंडच्या पूर्वेला उत्तर समुद्र आहे. स्कॉटलंडच्या सीमेपासून किनाऱ्याने थोडे खाली आलो की टाइन नदी समुद्राला मिळते. तिच्या मुखाच्या दक्षिण बाजूचा प्रदेश म्हणजे साउथ टाइनसाइड. १९७४ साली साउथ शील्ड्स, जारो, हेब्बर्न ही नदीकाठची गावे आणि व्हिटबर्न, क्लीडन, बोल्डन ही खेडी एकत्र करून हा प्रशासकीय जिल्हा केला गेला. 'शील्ड्स' या नावाचा ढालीशी संबंध नाही. कोळ्यांच्या तात्पुरत्या झोपड्यांना तिकडच्या जुन्या बोलीत जो शब्द होता त्यावरून ते पडले. पुढे या झोपड्यांच्या जागी मिठाच्या कढया आल्या. तिकडे ऊन पुरेसे नाही, म्हणून समुद्राचे पाणी मोठ्या लोखंडी कढयांत भरून खाली कोळसा जाळत आणि मीठ काढत.

नदीच्या मुखाजवळ वाळूचे किनारे आहेत. तिथून दक्षिणेला गेलो की मार्सडेनचे पिवळसर-करडे कडे सुरू होतात. हा चुनखडकाचा एक प्रकार आहे. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी इथे एक उथळ, अतिशय खारट समुद्र होता, त्याच्या तळाशी हा दगड साचला. आज लाटा तोच दगड खात आहेत. किनाऱ्यापासून सुटून पाण्यात एकटा उभा राहिलेला 'मार्सडेन रॉक' नावाचा सुमारे तीस मीटर उंचीचा खडक आहे. त्याच्या पोटात पूर्वी मोठी कमान होती. १९९६ साली ती कमान कोसळली आणि एका खडकाचे दोन झाले. धाकटा धोकादायक म्हणून पुढच्याच वर्षी पाडून टाकला. पाणपक्ष्यांनी थोरला अजून सोडलेला नाही. आठवीच्या वर्गात सागरी लाटांचे कार्य शिकवताना मी आता हेच उदाहरण देते, कारण पुस्तकातल्या आकृतीत कमान कधीच पडत नाही.

दजलावरचे नावाडी

नदीच्या मुखावर 'लॉ' नावाची एक टेकडी आहे. रोमन लोकांनी तिच्यावर किल्ला बांधला. ब्रिटनच्या उत्तरेला हेड्रियन बादशहाने जी लांबलचक भिंत उभारली, तिच्यावरच्या फौजेला समुद्रमार्गे आलेले धान्य इथून पोहोचवले जाई. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला सेप्टिमियस सेव्हेरस स्कॉटलंडवर चालून गेला, तेव्हा या किल्ल्यात वीसहून जास्त धान्यकोठारे होती. हा सेव्हेरस जन्माने आजच्या लिबियातला, तर त्याची बायको सीरियातल्या होम्स शहराची.

या किल्ल्याचे नाव अर्बिया. पुष्कळ अभ्यासक या नावाचा संबंध अरबांशी जोडतात. रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळातील एका सरकारी नोंदवहीत इथल्या तुकडीची नोंद सापडते: दजला नदीवरच्या नावाड्यांची तुकडी. दजला म्हणजे टायग्रिस, जिच्या काठावर पुढे काही शतकांनी बगदाद वसले. नदीच्या मुखात छोट्या नावांतून माल चढवणे-उतरवणे ज्यांना येते, अशी माणसे रोमनांनी इराकच्या बाजूने उचलली आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला, त्या थंडगार धुक्यात आणून बसवली.

आता तो दगड. तो १८७८ साली साउथ शील्ड्समध्ये सापडला. त्यावर खुर्चीत बसलेली एक स्त्री कोरलेली आहे. एका हाताशी दागिन्यांची उघडी पेटी, मांडीवर सूत कातायची चाती, पायाशी लोकरीच्या गुंड्यांची टोपली. चेहरा मात्र तुटून गेला आहे. वरच्या लॅटिन मजकुरावरून कळते की तिचे नाव रेजिना, ती दक्षिण ब्रिटनमधल्या एका टोळीतली, आधी गुलाम होती. पाल्मायराच्या बराटेसने तिला आझाद केले आणि तिच्याशी लग्न केले. ती तिसाव्या वर्षी वारली. पाल्मायरा म्हणजे सीरियाच्या वाळवंटातले तदमुर, खजुरीच्या झाडांचे आणि काफिल्यांचे शहर.

लॅटिन ओळींनी सरकारी रिवाज पूर्ण झाला होता. तरीही बराटेसने खाली आपल्या मातृभाषेत, आरामी भाषेच्या तदमुरी लिपीत, एक ओळ कोरून घेतली. तिचा अर्थ एवढाच, की ही बराटेसने आझाद केलेली रेजिना, हाय! त्या ओळीत 'आझाद' या अर्थी जो शब्द आहे तो 'हुर्र' या धातूचा. आपण उर्दूत हुर्रियत म्हणतो तोच हा धातू. मी हे फोनवर सांगितले तेव्हा माझा इंजिनिअर बराच वेळ गप्प होता. त्या गावात ती ओळ वाचू शकणारे किती जण असतील? ती त्याने लोकांसाठी कोरलीच नसावी.

नदीचे तोंड आणि पहिली जीवनरक्षक नौका

टाइनचे मुख दिसायला रुंद असले तरी खलाशांना त्याची धास्ती असे. उत्तरेच्या बाजूला 'ब्लॅक मिडन्स' नावाचे काळे खडक भरतीला पाण्याखाली जातात, दक्षिणेला 'हर्ड सॅन्ड' ही वाळूची पट्टी आहे. ईशान्येचा वारा सुटला की शिडाच्या जहाजाला या दोहोंच्या मधून वाट काढावी लागे. आणि जहाजांची तर रीघ, कारण लंडनच्या चुली टाइनच्या कोळशावर पेटत होत्या.

१७८९ साली न्यूकॅसलचे 'अ‍ॅडव्हेंचर' हे जहाज हर्ड सॅन्डवर रुतले. काठावर हजारो लोक जमले होते. माणसे दोरखंडांवरून एकेक करून पाण्यात पडताना सगळ्यांना दिसत होती. पण त्या लाटांत नाव घालणे म्हणजे आणखी माणसे गमावणे, म्हणून कोणीच जाऊ शकले नाही. ज्यांनी कधी किनाऱ्यावर उभे राहून आपल्या माणसाची होडी शोधली आहे त्यांना या प्रसंगाबद्दल जास्त सांगायला नको.

गावातल्या काही प्रतिष्ठित लोकांनी मग खवळलेल्या समुद्रात तगेल अशा नावेच्या नमुन्यासाठी दोन गिनींचे बक्षीस लावले. विल्यम वुडहेव्ह नावाचा एक गरीब, हरहुन्नरी माणूस होता. रंगारीकाम करी, चर्चमध्ये कारकुनी करी, गाणे शिकवी. त्याने उलटली तरी आपोआप सुलटी होणाऱ्या नावेचा नमुना मांडला. गावात अशी गोष्ट सांगतात, की विहिरीवर एका बाईच्या भांड्यात तरंगणारा लाकडी तुकडा कसाही फिरवला तरी पुन्हा सरळ होतो हे पाहून त्याला ही कल्पना सुचली. समितीने त्याला अर्धेच बक्षीस, म्हणजे एक गिनी देऊ केली. नाव बांधायचे काम हेन्री ग्रेटहेड या होडी बांधणाऱ्या कारागिराला मिळाले. दोन्ही टोके सारखी निमुळती, म्हणजे परतताना वळवायला नको, बाजूंना बुचाच्या लाकडाचे जाड थर, दहा वल्ही. ३० जानेवारी १७९० रोजी ही 'ओरिजिनल' पहिल्यांदा समुद्रात उतरली. खास माणसे वाचवण्यासाठी बांधलेल्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या नावांपैकी ही एक. पुढची चाळीस वर्षे ती कामात होती.

ग्रेटहेडला १८०२ साली ब्रिटिश पार्लमेंटने १२०० पौंड दिले. वुडहेव्ह १८२१ साली गरिबीतच वारला. गावकऱ्यांना ही गोष्ट टोचत राहिली असावी, कारण १८९० साली त्यांनी ओशन रोडवर जे स्मारक उभारले ते दोघांच्या नावाने. त्याच्या शेजारी १८३३ साली बांधलेली 'टाइन' ही जीवनरक्षक नौका आजही ठेवलेली आहे. तिने एक हजारावर जीव वाचवले.

तरीही समुद्राने आपला हप्ता घेणे थांबवले नाही. नोव्हेंबर १८६४ मध्ये तीन दिवसांत पाच जहाजे ब्लॅक मिडन्सवर फुटली, किनाऱ्यापासून अगदी हाकेच्या अंतरावर. त्यानंतर आधी उत्तर काठावर टाइनमाउथला आणि १८६६ साली साउथ शील्ड्सला गावकऱ्यांची स्वयंसेवक पथके निघाली. अग्निबाणाला दोर बांधून तो फुटलेल्या जहाजावर सोडायचा, आणि त्या दोरावरून एकेक माणूस काठावर ओढून घ्यायचा, हे त्यांचे काम. दरम्यान १८५४ पासून नदीमुखाच्या दोन्ही बाजूंनी समुद्रात लांब धक्के बांधायला घेतले होते. चाळीस वर्षांनी, १८९५ साली ते पुरे झाले, आणि १८९७ च्या वादळात उत्तरेकडचा फुटला. तो पुन्हा बांधावा लागला.

दक्षिणेला व्हिटबर्नच्या वाटेवर सूटर दीपगृह आहे, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे. १८७१ सालचे. विजेच्या दिव्यासाठीच आखून बांधलेले हे जगातले पहिले दीपगृह मानतात. तेव्हा इंग्लंडच्या घरांतही वीज नव्हती. १९८८ साली ते बंद झाले. शेजारी कोळशाच्या खाणीतल्या कामगारांचे एक अख्खे गाव होते. १९६८ मध्ये खाण बंद झाली आणि ते गावही पाडले गेले. दीपगृह राहिले.

जारोचा उल्लेख करायलाच हवा, दोन कारणांसाठी. तिथल्या मठात बीड नावाचा एक विद्वान पाद्री राहत होता. ७२५ साली, म्हणजे हिजरी सनाचे दुसरे शतक नुकतेच सुरू झाले होते तेव्हा, त्याने कालगणनेवर ग्रंथ लिहिला. चंद्राबरोबर भरती-ओहोटी कशी सरकते आणि एकाच किनाऱ्यावरच्या दोन बंदरांत भरतीची वेळ वेगळी का असते, हे त्याने त्यात नोंदवले. दुसरे कारण अगदी वेगळे. जारोला पामर यांचा मोठा जहाजकारखाना होता. १८५२ साली तिथे 'जॉन बोज' हे लोखंडी, वाफेवर चालणारे कोळसावाहू जहाज बांधले गेले आणि शिडाच्या कोळसावाहू जहाजांचे दिवस भरले. १९३० च्या दशकात कारखाना बंद पडला. सारे गाव बेकार झाले. १९३६ साली जारोचे दोनशे कामगार कामाची मागणी घेऊन जवळजवळ तीनशे मैल चालत लंडनला गेले.

आगवाले

वाफेच्या जहाजांनी टाइनच्या काठावर आणखी एक गोष्ट आणली. ती आपल्या वाचकांना जवळची वाटेल.

माझे नाना ब्रिटिश कंपनीच्या जहाजावर डेकवर खलाशी होते. कोकणातले पुष्कळ मुसलमान डेकवरच असत, त्यांचा मुकादम म्हणजे सारंग. खाली भट्टीत कोळसा टाकणाऱ्याला नाना 'आगवाला' म्हणत. "आम्हांला निदान आभाळ दिसायचं," असे ते आगवाल्यांबद्दल बोलताना म्हणायचे. जहाजाच्या पोटात, भट्टीच्या तोंडाशी उभे राहून फावड्याने कोळसा ढकलायचा. जहाज हेलकावे खात असताना, पाळीमागून पाळी.

इंग्रजांनी १८३९ साली एडन घेतले. १८६९ साली सुएझचा कालवा सुरू झाला आणि एडन हे जहाजांनी कोळसा भरायचे मोठे ठिकाण बनले. तिथे येमेनच्या डोंगराळ मुलखातली तरुण मुले आगवाला म्हणून जहाजावर चढत. टाइनमध्ये कोळसा भरायला येणारी जहाजे त्यांना साउथ शील्ड्सला सोडत, आणि पुढचे जहाज मिळेपर्यंत त्यांना तिथे थांबावे लागे. १८९० च्या दशकापासून काही जण तिथे राहू लागले. १९०९ साली अली सईद या येमेनी माणसाने नदीकाठच्या हॉलबॉर्न वस्तीत अरब खलाशांसाठी खानावळीसह वसतिगृह काढले. हळूहळू अशी बरीच निघाली. तिथे हलाल जेवण मिळे, नमाजेला जागा मिळे, पत्र लिहून देणारा मिळे, आणि खिशात पैसे नसले तर जहाज मिळेपर्यंत उधारी चाले. बऱ्याच जणांनी तिथल्याच इंग्रज मुलींशी लग्ने केली. त्या मुलींना आपल्याच गल्लीत काय काय ऐकावे लागले असेल, हे सांगायला नको.

पहिल्या महायुद्धात हे आगवाले ब्रिटिश व्यापारी जहाजांवर होते. पाणतीर लागला की तो लागतो पाण्याखाली, इंजिनाच्या बाजूला. वर डेकवर असलेल्याला निदान नावेकडे धावता येते. खालच्याला जिना चढायचीही फुरसत मिळत नाही. शील्ड्सहून निघालेले अनेक येमेनी त्या युद्धात परत आले नाहीत.

युद्ध संपले. गोरे खलाशी नौदलातून परतले, कामे कमी झाली. फेब्रुवारी १९१९ मध्ये मिल डॅम या चौकात, जिथे जहाजावरची भरती होत असे, तिथे अरबांना काम देण्यावरून मारामारी पेटली. १९२५ साली सरकारने हुकूम काढला, की काळ्या-सावळ्या परदेशी खलाशांनी पोलिसांकडे नाव नोंदवावे. एडनचे लोक ब्रिटिश प्रजाजन होते. पण तसा कागद कुणाकडे होता? ज्या राज्याच्या जहाजांवर ते राबले त्याच राज्यात ते कागदाअभावी परदेशी ठरले. कागदपत्रांचा हा घोर आपल्याकडच्या वाचकांना वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

१९३० साली तर अरब खलाशांसाठी वेगळी पाळीयादी सुरू झाली. कुठल्या जहाजावर जायचे, कोणाबरोबर जायचे याची मोकळीक गेली. बहुतेकांनी नाव नोंदवायला नकार दिला. २ ऑगस्टला मिल डॅमवर पुन्हा दंगल झाली. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, पोलिसांवर चाकूचे वारही झाले. हे दुसरे सांगितले नाही तर गोष्ट अर्धी राहील. अनेक अरबांना तुरुंगवास झाला, काहींना देशाबाहेर काढले गेले. हद्दपार झालेल्यांत अली सईदही होता. ज्यांना काम नाही, खायला नाही, अशा बऱ्याच जणांना गरीबखान्यात ठेवून मग एडनला पाठवून देण्यात आले.

मला वाटले होते की इथे या वस्तीची गोष्ट संपली असेल. तसे झाले नाही. १९३६ साली शेख अब्दुल्ला अली अल-हकीमी हे येमेनी सूफी बुजुर्ग साउथ शील्ड्सला आले. अल्जीरियाच्या शेख अहमद अल-अलवींच्या सिलसिल्यातले. 'हिल्डा आर्म्स' नावाचा एक जुना दारूचा गुत्ता घेऊन त्यांनी तिथे झाविया, म्हणजे खानकाह सुरू केली. मुलांसाठी कुरआनचे वर्ग घेतले, आणि त्या इंग्रज बायकांसाठीही, ज्यांनी इस्लाम स्वीकारला होता पण ज्यांना शिकवायला कोणी नव्हते. ईदच्या दिवशी झेंडे घेऊन मिरवणूक शील्ड्सच्या रस्त्यांतून निघे. सहा वर्षांपूर्वी ज्या गावात लाठ्या चालल्या होत्या त्याच गावात.

पुढे दुसरे महायुद्ध आले, पुन्हा आगवाले गेले, पुन्हा पुष्कळ परतले नाहीत. मग जहाजे तेलावर चालू लागली आणि आगवाल्याचे कामच उरले नाही. तरुण मुले कारखान्यांसाठी इतर शहरांत निघून गेली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला लेगेट भागात अल-अझहर मस्जिद उभी राहिली. १९७७ च्या जुलैमध्ये मुष्टियोद्धा मुहम्मद अली मुलांच्या बॉक्सिंग क्लबांना मदत म्हणून टाइनसाइडला आला आणि याच मस्जिदीत त्याने व्हेरोनिकाशी झालेल्या आपल्या लग्नासाठी दुआ घेतली. मस्जिदीबाहेर गर्दी मावत नव्हती.

माझा विद्यार्थी याच मस्जिदीत जुम्मा पढत असे. त्याच्या सफमध्ये कुणी येमेनी आजोबांचा नातू, कुणी बांगलादेशी, आणि परीक्षेला आलेली मुंबई-रत्नागिरीची दोन-चार पोरे. ज्या नौकानयन शाळेत तो शिकला तिचीही एक गोष्ट आहे. थॉमस विंटरबॉटम हा शील्ड्सचाच डॉक्टर. तरुणपणी पश्चिम आफ्रिकेत सिएरा लिओनला होता. झोपेच्या आजारात मानेमागे येणाऱ्या गाठींचे वर्णन त्याने केले, म्हणून वैद्यकात त्याचे नाव राहिले. गावच्या खलाशांना शिक्षण मिळावे म्हणून त्याने १८३७ साली पैसा बाजूला काढून ठेवला. १८६१ साली मरीन स्कूल सुरू झाले. ते बघायला तो उरला नव्हता. आज जगभरातले जहाजावरचे अधिकारी तिथून शिकून जातात.

मिल डॅमवर आता मारामारीची खूण नाही. जकातघराच्या इमारतीत नाट्यगृह आहे, आणि नदीकडे तोंड करून व्यापारी जहाजांवर मेलेल्या खलाशांचे स्मारक आहे. परीक्षा पास झाल्यावर पोराने तिथूनच मला फोटो पाठवला.

मी तो फोटो आणि रेजिनाच्या दगडाचे चित्र वर्गात दाखवले. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "टीचर, मग तो बराटेस परत घरी गेला का?" टाइनच्याच काठाने सुमारे चाळीस किलोमीटर आत कॉर्ब्रिज म्हणून गाव आहे. तिथे दुसरा एक कबरीचा दगड सापडला आहे. नावाची पहिली अक्षरे तुटली आहेत, पण पुढचे वाचता येते: पाल्मायराचा, वय अडुसष्ट. बहुतेक तोच. त्या दगडावर फक्त लॅटिन आहे.